बारा हजार किलोमीटरचे दाजी

माझ्या आक्काच्या नवऱ्याइतका बिनकामाचा हुशार माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमचे हे दाजी जन्मात कधी विमानात बसले नाहीत. पण जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं त्यांच्यासमोर काढायचा अवकाश, मधलं अंतर आणि लागणारे तास ते तोंडावर फेकत. तेही कुणी न विचारता. समोरचा शेतकरी युरियाचं पोतं न्यायला आलेला असे, बाहेर त्याच्या टेम्पोचं इंजिन चालू असे, आणि दाजी त्याला थांबवून सांगत असत, "बेंगळूर-लंडन, धा तास. मदी कुटं थांबत न्हाय."

निपाणीत त्यांचं खत-औषधांचं दुकान होतं. गल्ल्यामागच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला, कुठल्याशा कंपनीनं कॅलेंडरबरोबर फुकट दिलेला. त्यात बेळगावच्या जागी दाजींनी एक खिळा मारला होता आणि त्या खिळ्याला पुड्या बांधायचा पांढरा दोरा अडकवला होता. गावाचं नाव निघालं की दाजी दोरा ताणत, त्या शहरावर अंगठा दाबत, मग तेवढा दोरा फूटपट्टीवर धरून आकडा सांगत. मी बेळगावच्या हायस्कुलात उभी हयात भूगोल शिकवला. पृथ्वी गोल आहे, सपाट कागदावर दोरा ताणून अंतर निघत नाही, अमेरिकेकडे जाणारी विमानं उत्तरेकडून वळून जातात, हे मी त्यांना एकदा शांतपणे समजावून सांगितलं. "वळून जात्यात ती तिकीट वाढवायला, मास्तरीणबाई," दाजी म्हणाले. "रिक्षावाला न्हाय का स्टँडवरनं लांबनं नेत?" दुकानातली चार गिऱ्हाइकं खो खो हसली आणि मी माझा भूगोल पर्समध्ये घालून घरी आले.

बाजारात त्यांना पाठीमागं विमानअण्णा म्हणत. हे त्यांच्या कानावर होतं. त्यात टिंगल आहे, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

हा नाद लागला तो त्यांची एकुलती लेक सन्मती लग्न होऊन टोरांटोला गेल्यापासून. त्यात दाजींचं कर्तृत्व काडीचं नव्हतं. लेकीला शिकायला बेळगावला ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं आणि आक्कानं दोन दिवस चूल पेटवली नाही तेव्हा कुठे ते नमले होते. जावयाची नोकरी जावयाच्या अकलेनं लागली. पण लेक विमानात बसल्या दिवसापासून दाजींच्या तोंडी एकच वाक्य बसलं, "बेळगाव-टोरांटो, बारा हजार किलोमीटर. खायचं काम न्हाय." जसं काही ते अंतर यांनीच बांधून काढलं होतं.

मग त्यांनी माणसं मोजायला सुरुवात केली. ज्याचं पोर जितकं लांब, तितका तो माणूस मोठा. लग्नाच्या मांडवात एका बिचाऱ्यानं मुलगा सिंगापूरला असल्याचं कौतुकानं सांगितलं. "शिंगापूर?" दाजींनी हात झटकला. "जवळच की. पाच तास. डोळा लागला की आलं." तो माणूस ताटातला लाडू तसाच ठेवून उठला. दुबईवाल्यांना तर दाजी खिजगणतीतच धरत नसत. "ते म्हंजे पुण्याला गेल्यासारखं," असं म्हणत. एकदा मात्र चिकोडीकडचे एक पाटील आले, त्यांचा मुलगा न्यूझीलंडला. दाजींनी दोरा ताणला, पुन्हा ताणला, नकाशाच्या कडेला जाऊन अंगठा दाबला. आकडा बारा हजारांच्या वर चालला होता. दाजींनी दोरा सोडून दिला. "ते इमान थांबत थांबत जातंय," ते म्हणाले. "थांबत जाणारं धरायचं न्हाय." पाटलांनी कानडीत विचारलं, "यार हेळिद्रु?" म्हणजे कुणी सांगितलं? दाजींनी त्यांना औषधाची बाटली दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

एवढंच असतं तर मी त्यांना हसून सोडून दिलं असतं. असे फुशारकी मारणारे नातेवाईक कुणाच्या घरात नसतात? पण दाजींचं अंतराचं गणित माझ्या आक्काच्या जिवावर चालायचं. निपाणी आणि बेळगाव यांच्या मध्ये सरळसोट हायवे आहे, दर थोड्या वेळानं एसटी आहे. तरी माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आक्का आली नाही. "बेळगाव काय, कवाबी जाता येतंय," दाजी म्हणाले होते. कवाबी जाता येतं म्हणून कधीच जायचं नाही, आणि लांबचं असलं तर झेपत नाही म्हणून जायचं नाही. जवळ आणि लांब, दोन्हीकडून माझी बहीण घरातच. तिनं भाकऱ्या कराव्यात, दुकानात डबा पाठवावा, आणि नवऱ्यानं भिंतीवर जग हिंडावं.

आई गेली तो दिवस मी विसरणार नाही. आमचं माहेर चिकोडीच्या अलीकडे, निपाणीहून फार तर तासाभराचा रस्ता. सकाळी भावानं सगळ्यांना फोन केले, आईचं काही खरं नाही, निघा. मी बेळगावहून निघून पोचले. आक्का निपाणीतच पिशवी भरून दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. दाजी गल्ल्यावरून उठेनात. "तासाभराचा तर रस्ता," ते तिला म्हणत राहिले, "एवढी गिऱ्हाइकं वाटंला लावतो आन् निघू." आई दुपारी गेली. आम्हा जैनांत मयत ताटकळत ठेवत नाहीत. जीव गेला की देहाला जितक्या लवकर अग्नी तितकं बरं, असं मानतात. भावानं जमेल तेवढं थांबवून धरलं. शेवटी म्हातारी माणसं बोलायला लागली. आक्का पोचली तेव्हा पुरुषमंडळी अग्नी देऊन ओल्या अंगानं परत येत होती. ती अंगणातच मटकन खाली बसली. आणि तिच्यापासून चार पावलांवर उभे राहून दाजी माझ्या चुलत्यांना सांगत होते, "रस्ता खराब हाय वो. इमान आसतं तर सा मिन्टं." त्या दिवशी त्या माणसावरचं माझं मन उडालं, ते परत बसलं नाही.

अशा दाजींच्या घरी, गेल्या पावसाळ्यात, सन्मतीला दिवस गेल्याची बातमी आली. आईनं बाळंतपणाला यावं म्हणून पोरीनं तिकीटच काढलं. आक्का मला फोनवर म्हणाली, "ह्या येळला मी जातो. काय बी होऊ दे." साठी उलटलेल्या माझ्या बहिणीच्या आवाजात मी अशी धार पहिल्यांदा ऐकली.

दाजींनी मग एकेक अडचण काढायला सुरुवात केली. इतके तास बसून पाय सुजतात. कान फुटतात. इंग्रजी येत नाही. सन्मतीनं विमानतळावर चुकामूक नको म्हणून आईसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती, त्यावरून तर ते खवळलेच. "माजी बायको काय लंगडी हाय? लोक काय म्हणतील?" आक्का दरवर्षी बाहुबलीचा डोंगर चढते, हे त्यांना तेव्हा आठवलं; एरवी ती बाजारातून पिशव्या उचलून आणताना आठवत नसे. शेवटी त्यांनी हुकमाचं पान टाकलं. आक्काचा नेम आहे, दिवस मावळायच्या आत जेवायचं, मग सकाळी सूर्य उगवेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. त्या सांजच्या जेवणाला आमच्यात अंथऊ म्हणतात. "विमानात दिवस कवा मावळतोय तुला कळायचं न्हाय," दाजी म्हणाले. "नेम मोडंल. आयुष्यभराचं पुण्य त्या ढगात घालवणार काय?"

हे आक्काला खरंच लागलं. नेम मोडायची तिची तयारी नव्हती, आणि लेकीलाही एकटं टाकायचं नव्हतं. त्या वेळी निपाणीच्या बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, चातुर्मासासाठी एक साध्वी माताजी उतरल्या होत्या. प्रवचन संपल्यावर आक्का भर सभेत उभी राहिली. मी त्या दिवशी निपाणीला आले होते, तिच्या शेजारीच बसले होते. "माताजी, विमानात सूर्य कुटला धरायचा?" तिनं विचारलं. "हितला, का तितला?"

पुढच्या रांगेत बसलेले दाजी मान वळवून तिच्याकडे बघत राहिले.

"खिडकीतनं दिसतोय तो," माताजी म्हणाल्या. "दिसला तर दिवस, न्हाय दिसला तर रात. त्यात काय एवढं?"

सगळी सभा हसली. आक्काचा प्रश्न सुटला. आणि बस्तीच्या पायऱ्यांवर लोकांनी दाजींना गराडा घातला, "काय अण्णा, आक्का टोरांटोला चालल्या म्हणं!" बायकोनं जाऊ नये म्हणून चार महिने जीव खाल्लेला हा माणूस तिथं मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "मग! धाडतोय की. बारा हजार किलोमीटर." एवढ्यावर परवानगी मिळाली. लेकीच्या बाळंतपणासाठी नाही, बायकोच्या इच्छेसाठी नाही. चारचौघांत मोठेपणा मिळाला म्हणून.

आता अडवता येत नाही म्हटल्यावर दाजी जाणकार झाले. त्यांनी नवा सिद्धांत काढला. विमान जातं पश्चिमेला, सूर्यही जातो पश्चिमेला. तेव्हा विमान सूर्याच्या मागोमाग पळणार, दिवस मावळणारच नाही, आणि आक्कानं हवं तेव्हा, हवं तितकं खावं. हे त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मी सांगून पाहिलं, "दाजी, दिल्लीहून विमान सुटतं ते मध्यरात्रीनंतर. तेव्हा सूर्य असतो कुठं? ते रात्रीच्याच मागं पळणार. दिवस लांबायचा नाही, रात्र लांबेल." त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मास्तरीणबाई, पुस्तकं ठेवा बाजूला. सूर्य मावळतोय कुटं? पश्चिमंला. इमान कुटं चाललंय? पश्चिमंला. झालं की." आणि त्यांनी आक्काला डब्यात दशम्या, चटणी, शेंगदाण्याचे लाडू असं सोळा तास पुरेल इतकं भरून घ्यायला लावलं.

सांबऱ्याच्या विमानतळावर आम्ही तिला पोचवायला गेलो. दाजींना दारातून आत सोडेनात. तिकीट नाही, म्हटल्यावर ते तिथल्या जवानाला हिंदीत सांगू लागले की ही बाई बारा हजार किलोमीटर चालली आहे. "तो जाने दीजिए ना," जवान म्हणाला. आक्कानं बाहेरच्या बाकावर बसून, सूर्य डोळ्यांसमोर असताना, दोन दशम्या खाल्ल्या, पाणी प्याली आणि हात जोडले. मग खुर्ची ढकलणारा पोरगा आला. आक्का खुर्चीत ताठ बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि एकदाही मागं न बघता आत गेली. "बगितलं? वळून बी बगितलं न्हाय," दाजी मला म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की त्या पोराला बोलावून पुन्हा एकदा ढकलायला सांगावं.

त्या रात्री निपाणीला परत न जाता दाजी माझ्या घरी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सकाळी मी उप्पीट पुढं ठेवलं. त्यांनी बशी सरकवली. "तिकडं आजून उजाडलं न्हाय," म्हणाले. माझ्या फोनवर विमान कुठं आहे ते दाखवणारं ॲप होतं. ते त्यांनी उघडून घेतलं आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. छोटंसं पिवळं विमान नकाशावर मुंगीच्या गतीनं सरकत होतं, वर उत्तरेकडे वळत. विमान तिथून वळलेलं बघून तरी मला काही म्हणतील असं वाटलं. पण त्यांनी फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाठ केली. नकाशाचा जो भाग काळा दिसत होता, नेमक्या त्याच भागातून विमान चाललं होतं. दुपारी ताट वाढलं, तेही तसंच राहिलं. "आजून अंधारच हाय," एवढंच ते म्हणाले. पाणीसुद्धा प्याले नाहीत. टोरांटोत उजाडून विमान टेकलं तेव्हा इथं आमचा दिवस मावळला होता. नेम तर दाजींचाही होता. म्हणजे मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही.

मला त्यांचा राग आला. भल्या माणसा, बायकोसाठी वेळच्या वेळी काही केलं असतंस तर ही नाटकं करावी लागली नसती. माझं उप्पीट वाया गेलं ते वेगळंच. ही गोष्ट मी आक्काला सांगितली नाही. उगाच पाघळली असती.

आक्काचा फोन आला तो हसतच. "काय वो," ती नवऱ्याला म्हणाली, "सूर्य कुटं हुता तुमचा? आख्खी वाट काळामिट्ट! डबा हाय तसा घिऊन उतरलो." नवऱ्याच्या चुकीला ती मोठ्यानं हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दाजींनी घसा खाकरला. पुढच्या आठवड्यात ते दुकानात सांगत होते की विमानाला उशीर झाला, म्हणून सूर्य हातचा निसटला.

सन्मतीला मुलगी झाली. आक्का तिकडं रमली. आणि संक्रांत होऊन थोडे दिवस झाले असतील, एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता दाजी कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. बेळगावहून मी पोचले तेव्हा त्यांना घरी आणून ठेवलं होतं आणि भाऊबंदांत वाद चालला होता. दाजींचे धाकटे भाऊ म्हणत होते, "आजकाल बर्फाच्या पेटीत ठेवत्यात. वैनी आन् सन्मती येऊ देत. ठेवू या दोन दिवस." म्हातारी माणसं मान हलवत होती. आमच्यात असं करत नाहीत. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण फोन मलाच करायचा होता.

आक्का बाळाला झोपवत होती. मी सांगितलं. पलीकडे तिनं बाळाला सन्मतीकडे दिलेलं ऐकू आलं. मग मी पेटीचं विचारलं.

"नको," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता, पण शब्द स्पष्ट होते. "कुनासाठी थांबवू नका. मी आत्ता निगालो तरी किती तास लागत्यात, त्यांनीच सगळ्या गावाला सांगितलंय. दिवस मावळायच्या आत करून घ्या."

उन्हं उतरायच्या आत दाजींना अग्नी दिला. आक्का ठरल्या तिकिटानंच, बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर आली. तोवर निपाणीत लोक बोलायचे ते बोलून मोकळे झाले. नवरा गेला तरी आली नाही, म्हणाले. सूड उगवला, असंही एक जण म्हणाला.  ते खरं का, मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

सांबऱ्याहून तिला मी आधी माझ्या घरी आणलं. ती गॅलरीत, दाजी बसले होते त्याच खुर्चीत बसली. बाळाचे फोटो दाखवले, मध्येच रडली, डोळे पुसले, पुन्हा फोटो दाखवले. दाजींबद्दल चांगलं बोलण्याचा मला मनापासून कंटाळा. पण माणूस गेलेला, आणि ती त्याच खुर्चीत. मला राहवलं नाही. ती विमानात होती तो सगळा दिवस दाजींनी कसा पाण्याशिवाय काढला, ते मी तिला सांगितलं.

"ठाऊक हाय," आक्का म्हणाली. "त्यांनीच सांगितलं हुतं, फोनवर. दोनदा."

सांगितल्याशिवाय राहतील तर ते दाजी कसले! मला हसू आलं. तीही थोडी हसली. मग पदर आवरून बाहेर बघत बसली.

"बारा हजार किलोमीटरवर मी उपाशी, म्हणून हितं उपाशी बसले," ती म्हणाली. "खरं, आईला तासाभराचाच रस्ता हुता गं."

 समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागं सूर्य उतरायला लागला होता.

"दिवस चाललाय," आक्का उठत म्हणाली. "वाढ लवकर."